कागद आधी, काम नंतर

रायटरला घरातसुद्धा रायटरच म्हणत. जेवताना तो ताटाकडे बघत नुसताच बसला की बायको स्वयंपाकघरातून म्हणे, "अहो रायटर, ताटाचा पंचनामा झाला असेल तर आता दोन घास खा."

पोलीस ठाण्यात रायटर म्हणजे साहेबांचं लिखाण सांभाळणारा हवालदार. ह्यानं एकतीस वर्षं एकाच साहेबांचं लिखाण केलं. साहेबांची बदली झाली की महिन्याच्या आत रायटरचीही तिकडेच व्हायची. लोक चेष्टेनं म्हणत, साहेब घराबाहेर पडताना दोनच गोष्टी चाचपून बघतात, कमरेचं पिस्तूल आणि मागचा रायटर. तेव्हा रायटरला ही चेष्टा फार आवडायची. कुणी ऐकवली नाही तर तो स्वतःच ऐकवायचा.

आता दोघांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. साहेब मुलीकडे पाचव्या मजल्यावर राहत. त्यांचा उजवा हात थरथरायचा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. आणि नेमकं आताच त्यांचं पुस्तक निघायचं होतं. प्रकाशकाचा माणूस तीनदा येऊन गेला, म्हणाला, "साहेब, लोकांना अजून तुमच्याबद्दल ऐकायचंय." मग साहेबांनी रायटरला बोलावणं धाडलं. रोज सकाळी दहा ते बारा साहेब सांगत आणि रायटर रेघांच्या कागदावर लिहून घेई. दार उघडणारी साहेबांची मुलगी रोज एकच प्रश्न विचारी, "काका, आज कितवा?" रायटर आकडा सांगे आणि ती आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेई. वडिलांच्या समोर बसून तिनं त्यातलं एक पानही ऐकलं नव्हतं.

कितवा म्हणजे कितवा मेलेला माणूस. साहेबांच्या खात्यावर एकोणचाळीस होते.

साहेब आले तेव्हा शहर पार हाताबाहेर गेलेलं होतं, हे खोटं नाही. दिवेलागणीला दुकानांची शटर खाली यायची. दोन टोळ्यांच्या भांडणात भाजी घ्यायला गेलेल्या बायका मरायच्या. साक्षीदार कोर्टाची पायरी चढायच्या आत त्याची जीभ तरी जायची, नाहीतर पाय तरी. अशा गावात हा उंच, किडकिडीत, कमी बोलणारा अधिकारी आला. पहिल्याच वर्षी त्यानं पळवून नेलेली एका औषधवाल्याची मुलगी जिवंत परत आणली आणि पळवणारे दोघं रस्त्यातच संपले. लोकांनी साहेबांना खांद्यावर घेतलं. वर्तमानपत्रवाल्यांनी नाव ठेवलं 'पूर्णविराम', कारण त्यांच्याकडे गेलेल्या प्रकरणात पुढचं वाक्य नसायचं. साहेब कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायले नाहीत. हेही खोटं नाही. रायटरला हे सगळं वारंवार आठवून बघावं लागे, कारण त्याच्यापुढचं आठवलं की घास उतरत नसे.

चौथ्या वर्षी साहेब अडकले. रायटरच्या अहवालात गोळीबाराची वेळ होती सात वाजून दहा मिनिटं, आणि इस्पितळाच्या नोंदीप्रमाणे मयत सहा पन्नासला तिथे पोचला होता. गोळी लागायच्या आधीच माणूस इस्पितळात पोचला कसा, असं चौकशी समितीनं विचारलं. साहेब आठ महिने निलंबित राहिले. परत आले त्या दिवशी त्यांनी रायटरला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं आणि नवा नियम सांगितला.

"आजपासून कागद आधी, काम नंतर."

तेव्हापासून दुपारी चार वाजता रायटर अहवाल लिहायला बसे. खबर मिळाली, सापळा लावला, इसमास शरण येण्यास सांगितले, इसमाने पथकावर गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिले. इसमाचं नाव, वय, वर्णन, ओळखीच्या खुणा, सगळं आधी. जागा फक्त तीन सोडायच्या, वेळ, झाडलेल्या गोळ्या आणि मयताला कुठे लागल्या ते. संध्याकाळी पथक जाई. सकाळी रायटर शवागारात फोन करी आणि तीन जागा भरी. मग कागद साहेबांपुढे ठेवायचा. साहेब वाचत नसत. पेनाचं टोपण उघडत आणि विचारत, "कागद बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, साहेब."

मग सही. ह्या पद्धतीनं काम इतकं सुतासारखं सरळ चालू लागलं की पुढे कुठल्याच चौकशीत एक मिनिटही इकडचं तिकडे सापडलं नाही. साहेबांना पदक मिळालं तेव्हा त्यांनी रायटरच्या पाठीवर थाप मारली आणि रायटरनं ती आठवडाभर घरी सांगितली.

गेल्या महिन्यात शिवणवाल्या बाई रायटरच्या घरी आल्या नसत्या तर त्यानं हे पुस्तकही मुकाट्यानं लिहून दिलं असतं.

बाई जुन्या ठाण्याच्या मागच्या गल्लीत राहत. एक खोली, दारातच मशीन. जुने कपडे उसवून-शिवून देण्यात हयात गेली. त्यांचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन कामाला गेला आणि परत आलाच नाही. बेपत्ता झाल्याची तक्रार रायटरनंच लिहून घेतली होती. पुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई ठाण्यात यायच्या, बाकावर बसायच्या, विचारायच्या, "भाऊ, काही कळलं का?" आणि रायटर म्हणायचा, "शोध चालू आहे, ताई." तो निवृत्त झाल्यावर त्या त्याच्या घरी येऊ लागल्या. बायकोला वाटे, किती चांगला स्वभाव आहे ह्यांचा, कोण कुठली बाई, पण अजून विचारपूस करतात.

ह्या खेपेला बाईंचं काम वेगळं होतं. त्यांची इमारत पाडणार होते. महिनाअखेर खोली रिकामी करायची, आणि बदल्यात दुसरी हवी तर नवऱ्याची सही आणा किंवा तो मेल्याचा कागद आणा, असं मालकाच्या माणसानं सांगितलं होतं. इतकी वर्षं झाल्यावर कोर्टात अर्ज केला तर तसा कागद मिळतो, हे बाईंना वकिलानंही सांगितलं होतं.

"पण मी कशी लिहून देऊ, भाऊ? कुणी मला तो मेलेला दाखवलाय का? उद्या दारात उभा राहिला तर काय सांगू, तुला मीच मारला म्हणून?"

"मग खोली जाईल, ताई."

"जाऊ दे. तुम्ही मला एवढाच अर्ज लिहून द्या. ठाण्याच्या भिंतीवर माझा नवा पत्ता लावू द्या म्हणावं. त्याला आधीचंच दार माहीत आहे. तो यायचा आणि तिथे नुसती माती असायची."

रायटरनं तो अर्ज लिहून दिला. लिहिताना अक्षर जरासुद्धा हललं नाही, आणि बाई गेल्यावर तो मोरीत जाऊन ओकला.

कारण पंपवाला कुठे गेला हे त्याला एकोणीस वर्षं माहीत होतं. तो सत्तावीस नंबर होता.

त्या दिवशीचा अहवाल नेहमीप्रमाणे चारला तयार झाला होता. हवा असलेला माणूस एका टोळीचा नेमबाज, उंची मध्यम, चौकटीचा शर्ट, डाव्या करंगळीचं पेर तुटलेलं. खबऱ्यानं सांगितलेल्या इमारतीतून संध्याकाळी चौकटीचा शर्ट घातलेला, हातात जड पिशवी असलेला माणूस बाहेर पडला. पथकानं करंगळ्या मोजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शवागाराचा फोन लागेना, म्हणून रायटर स्वतःच गेला. मयताच्या दोन्ही करंगळ्या धडधाकट होत्या. नखांत काळं वंगण होतं, रोज यंत्रात हात घालणाऱ्याच्या नखांत असतं तसं. नेमबाजाचा भाऊ तिथे आलेला होता. त्यानं चादर उचलून तोंड पाहिलं आणि माझाच भाऊ म्हणून हंबरडा फोडला. त्याला काय, त्याचा भाऊ कागदोपत्री मेला म्हणजे कायमचा सुटला. तो इतक्या उत्साहानं रडला की शवागारवाल्यानं चटकन ताबा देऊन टाकला.

रायटर ठाण्यात परतला तो मनाशी ठरवूनच. साहेबांना सांगायचं, हा तो नाही. पण केबिनमध्ये वर्तमानपत्रवाले जमलेले होते, टेबलावर हार पडलेले होते आणि वरिष्ठ पेढे मागवू की आणखी काही म्हणत हसत होते. साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं.

"कागद बरोबर आहे ना?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. रायटर म्हणाला, "बरोबर आहे, साहेब."

दोन दिवसांनी बाई तक्रार द्यायला आल्या, कडेवर दीड वर्षाची मुलगी. त्यांनी नवऱ्याचा फोटो पुढे ठेवला आणि रायटरनं चेहरा लगेच ओळखला. मग त्यानं पेन उचललं आणि 'बेपत्ता' लिहिलं. ज्या पेनानं अहवालातल्या तीन जागा भरल्या होत्या, तेच पेन होतं. बाईंना भोवळ आली तेव्हा त्यानं स्वतः उठून पाणी आणून दिलं.

तर आता पुस्तकात सत्तावीस नंबर आला. साहेब डोळे मिटून सांगू लागले, "खबर मिळाली की टोळीचा नेमबाज..."

रायटरनं पेन खाली ठेवलं. "साहेब, हा तो नव्हता."

साहेबांनी डोळे उघडले नाहीत. खिडकीतून शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका येत होता.

"पंप दुरुस्त करणारा होता. त्याची बायको अजून वाट बघते. साहेब, हे एक पान खरं लिहू या. एकच. बाकीचं तुम्ही म्हणाल तसं लिहितो."

"मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं," साहेब म्हणाले. "तो नेमबाज दुसऱ्या शहरात जिवंत सापडला. तिथल्या अधिकाऱ्यानं मला गुपचूप फोन केला. तोवर माझी बढती झाली होती."

रायटरला वाटत होतं, साहेबांना काहीच ठाऊक नाही आणि एकटा आपणच हे ओझं वाहतोय. इतकी वर्षं दोघं एकाच जीपमध्ये मागे-पुढे बसून तेच ओझं वाहत होते आणि एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

"मग लिहू या ना, साहेब."

"ही एक वीट काढली की भिंत राहील का, रायटर? उरलेले अडतीस खरे होते असं कोण मानेल?" थरथरणारा हात साहेबांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला. "आणि मला मानता येईल का, तेही माहीत नाही. मी कधी वाचलंच नाही. तुला विचारायचो आणि सही करायचो."

"हो, साहेब."

"त्या दिवशीही विचारलं होतं. मी माणूस गोळी घालणारा. मला थांबवायला खात्यानं दुसरं कुणी ठेवलंच नव्हतं, एक तू होतास. दर वेळी मी तुला विचारायचो. तू एकदा नाही म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, ह्याचा मी फार विचार केलाय. बहुतेक तुझ्यावर ओरडलो असतो. पण सही केली असती का? नसती केली, असं मला वाटतं. वाटायला काय जातं म्हणा."

रायटरला साहेबांचा राग आला, की आपला दोष माझ्या माथी मारतायत, आणि राग येता येताच कळलं की त्यात जेवढं खरं आहे तेवढं माझंच आहे. एकतीस वर्षं त्यानं स्वतःची समजूत घातली होती की आपण फक्त लिहितो. सही साहेबांची, गोळी साहेबांची, पदक साहेबांचं.

"अशा पानावर सही करणार नाही मी," साहेब म्हणाले. "माझ्याच्यानं होणार नाही. मुलगी आहे घरात."

खोलीचं दार उघडं होतं. साहेबांची मुलगी तिथे उभी होती, कधीपासून कोण जाणे. ती आत आली, रायटरच्या पुढ्यातले कोरे कागद उचलून त्याच्या हातात दिले आणि दारापर्यंत पोचवायला आली. "काका, उद्या नका येऊ," ती म्हणाली. मग लिफ्टची जाळी ओढताना हळूच म्हणाली, "त्या बाईंकडे जा."

रायटरनं घरी येऊन दोन पानं लिहिली. बायकोला आधी वाचायला दिली. ती चष्मा लावून सगळं वाचून उठली आणि पाण्याचं पिंप घासायला बसली, जे तिनं सकाळीच घासला होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ती बाई येऊन गेली की मी तुमचं कौतुक करायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात." मग मागे न वळता म्हणाली, "खाली सही करा. तुमची." खरंच, रायटरनं जन्मभर हजारो कागद लिहिले, पण खाली सही करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तो गल्लीत गेला. अर्धी इमारत रिकामी झाली होती, जिन्यावर मोडके पलंग पडले होते. बाई दारातल्या मशीनवर कुणाचीतरी पँट आखूड करत होत्या. आत त्यांची मुलगी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. वीस वर्षांची, बापासारखा रुंद चेहरा. रायटरनं तो चेहरा फोटोत आणि चादरीखाली पाहिला होता.

"या भाऊ," बाई म्हणाल्या. "पत्ता लावला का हो त्यांनी भिंतीवर?"

रायटरनं ती दोन पानं पुढे केली. बाईंनी ती घेतली, पण पहिल्या ओळीवरच त्या थांबल्या. मग उठल्या, कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात त्या तक्रारीची प्रत होती, घड्यांवर फाटून चिकटवलेली. त्यांनी ती प्रत आणि रायटरची पानं मशीनच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले.

"तुमचंच अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "हे मी इतक्यांदा वाचलंय की झोपेतसुद्धा ओळखेन. तुमचा 'प' असा पोटाशी बारीक असतो."

त्या वाचायला लागल्या. सावकाश, ओळीखाली बोट फिरवत. बोट एका जागी थांबलं, मग परत वर गेलं, रायटर शवागारात गेल्याच्या तारखेपाशी. मग शेजारच्या तक्रारीवरच्या तारखेपाशी. दोन दिवसांचं अंतर होतं.

"म्हणजे मी आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो, ताई."

"मला पाणी दिलंत तेव्हा?"

रायटरला मान वर करता येईना. त्यानं नुसती हलवली.

"मी हिला सांगत आले," बाई आत बघून म्हणाल्या, "लहानपणापासून सांगत आले, की तिथे सगळेच काही वाईट नव्हते. एक भाऊ होता. त्यानं स्वतः उठून पाणी दिलं."

मुलगी हातातलं पातेलं तसंच धरून दारात आली होती. बाईंनी रायटरची दोन्ही पानं नीट जुळवली आणि त्याच्या हातात परत दिली. त्याला वाटलं, हाकलून देतायत, आणि तसं झालं असतं तर त्याला ते सोपं गेलं असतं.

"वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं. तिलाही ऐकू दे. तिचा बाप आहे."

रायटर वाचू लागला. त्याला वाचायची सवयच नव्हती, तो लिहिणारा. खबर, इमारत, चौकटीचा शर्ट इथपर्यंत आवाज ठीक होता. शवागाराशी जड झाला. मग ते वाक्य आलं, त्यानं स्वतःच लिहिलेलं, 'मयत हा तो इसम नाही हे मला त्याच वेळी माहीत होते, तरी विचारले असता मी बरोबर आहे असे सांगितले.' ते वाचून त्याचा घसा बंद पडला. डोळ्यांतून पाणी कागदावर पडलं आणि शाई पसरली. घोटभर पाणी मिळालं असतं तर बरं होतं, पण मागायचं कुठल्या तोंडानं. माठ त्याच्या हाताच्या अंतरावर होता.

बाई मशीनला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माठाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हवालदार," त्या म्हणाल्या, "पुढे वाचा."